गिरणीवरच्या अक्का

आमच्या व्यायामशाळेत भिंतभर आरसा होता आणि त्या आरशावर ठिगळांची जुनी गोधडी टांगलेली होती.

पहिल्या दिवशी मला वाटलं, काच तडकली असेल. तसं मी विचारलंही. कोपऱ्यात एक बाई फडक्यानं लोखंडी दांडी पुसत होती. खाली ट्रॅकपँट, वर नवऱ्याचा असावा असा चौकड्यांचा शर्ट, मंगळसूत्र कॉलरच्या आत खोचलेलं. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली,

"आरसा चांगला हाय. झाकून ठेवलाय."

"का हो?"

"बाया आरशातच बघत बसत्यात. आपला गुडघा कुटं चाललाय त्ये न्हाई बघत, शेजारनीचं पोट किती सुटलंय त्ये बघत्यात. तुमाला सोताला बघायचं आसंल तर घरी बघा. हितं मी बघते."

मग तिनं खरंच बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. आणि विचारलं, "सँडल घालून व्यायाम करनार व्हय?"

या अक्का. सूस गावठाणात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर ही व्यायामशाळा होती आणि सकाळची बायकांची बॅच अक्का घ्यायच्या. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. लवळ्याच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते आणि आयुष्यात शेवटची धावले होते ती शाळेतल्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीत. त्यातही लिंबू पडलं होतं. साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "रोज चालता का?" मी म्हटलं, "हो, पार्किंगपर्यंत." त्यांना हसू आलं नाही. आमच्या सोसायटीत क्लबहाउसची चकाचक जिम होती, पण तिथे कानात इअरफोनची बोंडं घातलेली पंचविशीतली मुलं आरशासमोर फोटो काढत उभी असत. त्यांच्यातली दोघं तर माझेच माजी विद्यार्थी. त्यांच्यासमोर मला दंड काढायचे नव्हते. म्हणून मी टेकडी उतरून गावठाणात आले.

नाव त्यांचं कुणालाच नीट माहीत नव्हतं. हिंजवडीला नोकरी करणारी एक मुलगी नव्यानं आली, तिनं पहिल्याच दिवशी हाक मारली, "कोच, हे कसं करायचं?"

"कोच रेल्वेला आस्त्यात," अक्का म्हणाल्या. "मला अक्का म्हन."

व्यायामशाळेत वजनकाटा नव्हता. होता एकेकाळी, पण अक्कांनी तो खाली गिरणीवाल्याला देऊन टाकला होता. कुणी वजन विचारलं की त्या जिन्याकडे बोट दाखवायच्या. "वजन दळनाचं करत्यात. आपलं दळन हाय का?" गाणीही नव्हती. सात वाजता खाली गिरणी सुरू व्हायची आणि वरची जमीन बारीक थरथरायला लागायची. तेवढंच आमचं संगीत. व्यायाम संपवून घरी जाताना आमच्या केसांवर पिठाची पुसट पावडर असायची आणि नवरा विचारायचा, "जिमला गेली होतीस की भाकऱ्या थापायला?"

पण सगळ्यात विचित्र म्हणजे अक्का आकडे मोजत नसत. जगभरातले शिक्षक 'आठ, नऊ, दहा' असं ओरडतात, चला चला म्हणतात, टाळ्या वाजवतात. अक्का गप्प उभ्या राहायच्या, आणि आपण आता पडतो की काय असं वाटायला लागलं की हळूच विचारायच्या, "आजून येक हाय का?"

असेल तर हो म्हणायचं, नसेल तर नाही. नाही म्हटलं की विषय संपला. आग्रह नाही, 'तुम्ही करू शकता' नाही, काही नाही. त्या सरळ दुसऱ्या बाईकडे वळायच्या. पहिल्या आठवड्यात मी सारखी नाही म्हणत होते आणि मनातून वाट बघत होते, की आता ही बाई मला थोडी गळ घालेल. तिनं घातली नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा मी नाही म्हणाले आणि माझ्या लक्षात आलं, की मी खोटं बोलले. अजून एक होतं. अक्का तोवर पलीकडे गेल्या होत्या. मग मी कुणीही बघत नसताना ते एक काढलं. त्या न वळताच म्हणाल्या, "व्हतं न्हवं?"

एवढ्या दिवसांत त्यांच्या तोंडून मी 'शाब्बास' ऐकलं नव्हतं. 'छान' नाही, 'वा' नाही, इंग्रजी तर नाहीच. आमच्यात एक काकू होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. खाली बसलं की उठताना त्या उजव्या हातानं मांडीवर जोर देत. तीन महिने त्यांचा तोच व्यायाम चालला होता, खाली बसायचं आणि उठायचं. एका सकाळी काकू उठल्या आणि अक्कांनी विचारलं,

"काकू, उजवा हात कुटं व्हता?"

काकू घाबरल्या. "कुठे होता?"

"मांडीवर न्हवता."

काकूंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. तो नुसता लोंबत होता, काही काम नसल्यासारखा. मग त्या पुन्हा खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या, हाताकडे बघत. आणि तिसऱ्यांदा. आम्ही सगळ्या आपापली कामं सोडून बघत होतो. कुणीतरी टाळ्या वाजवायला हात उचलले, अक्कांनी नुसतं बघितल्यावर ते खाली आले. काकू त्या दिवशी जिना उतरताना कठडा न धरता उतरल्या. ते अर्थात अक्कांनी बघितलंच आणि चांगल्या ओरडल्या. कठडा धरायचा म्हणजे धरायचा.

मी एकदा त्यांना छेडलं. "अक्का, एखादा शाब्बास दिलात तर काय बिघडेल?"

त्या वजनाच्या चकत्या जागेवर लावत होत्या. अक्कांचा जन्म सूसपासून लांब, एका धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या धनगरवस्तीवरचा. मेंढ्यांमागे हिंडून पाय असे झालेले, की उभ्या राहिल्या की जमिनीत पुरल्यासारख्या दिसत. म्हणाल्या, "आमचा बा कुत्र्याला बी उगा शाब्बास म्हनायचा न्हाई. कुत्रं शानं आस्तं. त्याला कळतं, आपुन तर कायी केलंच न्हाई आन् ह्यो पाठ थोपाटतोय. मंग त्ये ऐकायचं सोडतं. आन् खरंच लांडगा हाकलला, तर बा त्याच्याम्होरं बसून सांगायचा, तू वड्याच्या अंगानं आडवा आलास त्ये बरं केलंस. कुत्र्याला काय कळत आसंल त्ये आसंल. पन पुढच्या खेपंला त्ये वड्याच्याच अंगानं जायचं."

हे मी ऐकलं आणि हसून सोडून दिलं. कारण शिकवण्यातलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. बावीस वर्षं शिकवत होते. मुलं माझ्यामागे मला 'मिरची' म्हणत. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पेपर तपासताना लाल पेनानं मी एकेका शब्दाचा शेरा मारायचे. 'निराशाजनक.' 'हास्यास्पद.' एकाच्या पेपरवर लिहिलं होतं, 'शाई वाया.' स्टाफरूममध्ये तो शेरा फार गाजला होता.

अक्का मुळात इथे झाडू मारायला आल्या होत्या. लग्न होऊन सूसला आल्या, नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. व्यायामशाळेची झाडलोट करताना बायका चकत्या वाटेल तिथे टाकून गेलेल्या असत, त्या जागेवर ठेवण्याचं काम यांचं. "ठेवता ठेवता उचलायला लागले," एवढाच त्यांचा इतिहास. बायकांना शिकवणारी मुलगी लग्न करून निघून गेली तेव्हा मालकांनी आठ दिवसांपुरतं अक्कांना उभं केलं. त्याला सहा वर्षं झाली होती.

मग मालकांच्या मुलानं कारभार हातात घ्यायचं ठरवलं. मुलगा वाईट नव्हता. त्यानं अक्कांना नीट समजावून सांगितलं, की आता सगळं नियमानं करायचंय, शिकवणाऱ्याकडे सर्टिफिकेट पाहिजे. सर्टिफिकेटचा कोर्स करायचा तर दहावी पास पाहिजे. आणि अक्कांची दहावी गणितात अडकलेली, तीस वर्षांपूर्वी.

एका सकाळी बॅच संपल्यावर मी बुटांच्या नाड्या सोडत होते. अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, तुमी गनित शिकिवता न्हवं?"

"हो."

"कुनाला बी?"

"कुणालाही."

"म्हशीला?"

"कुठल्या म्हशीला?"

"ही काय, तुमच्याम्होरं उबी हाय."

त्यांनी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय त्यांची अकरावीतली मुलगी बघणार होती, गणित माझ्याकडे आलं. मंगळवार, गुरुवार बॅचनंतर तासभर आणि रविवारी दोन तास. फळा नव्हता. जमिनीवरच्या काळ्या रबरी मॅटवर आम्ही खडूनं लिहायचो. मी बाकड्यावर बसायचे, अक्का खाली मांडी घालून. सुरुवातीचे काही दिवस मी फार गोड वागले. नव्या वर्गात पहिले आठ दिवस मी नेहमीच गोड असते.

मग उण्या संख्या आल्या. उणे तीनमधून उणे पाच वजा करायचे. अक्कांनी लिहिलं, उणे आठ. मी समजावलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, उणे आठ. मी पुन्हा समजावलं, जरा मोठ्यानं. चौथ्यांदा उणे आठ आलं तेव्हा घड्याळात पावणेनऊ झाले होते, मला लवळ्याला पोचायचं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो अक्का, सहावीतली पोरं हे झोपेत करतात!"

अक्कांनी खडू खाली ठेवला. हात झटकले.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या.

"अहो, एक शेवटचं करू या..."

"न्हाई म्हनलं न्हवं."

दुसऱ्या दिवशी बॅच नेहमीसारखी झाली. गुरुवारी मी वही घेऊन थांबले, तर अक्का मशिनला तेल घालत होत्या. "आज काम हाय." रविवारीही काम होतं. असे दोन आठवडे गेले. व्यायाम शिकवताना त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता, आणि तेच मला जास्त लागत होतं. मी माझा वेळ काढून शिकवते आणि हिला राग येतो, असं मी घरी नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तो फक्त म्हणाला, "तू मला ड्रायव्हिंग शिकवत होतीस ते आठवतंय का तुला?" नवरा आजही गाडी चालवत नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी मी खांद्यावर दांडी घेऊन बैठका मारत होते. दांडी धरून चाळीस किलो. पहिल्या दिवशी मला रिकामी दांडीही उचलता आली नव्हती, हे इथे सांगून ठेवते. तेवढा माज मला परवडतो. तिसऱ्या बैठकीला मी खाली गेले आणि वर येईचना. मांड्या थरथरायला लागल्या. मागून अक्कांचे हात दांडीखाली आले.

"सोडा. धरलंय मी."

दांडी स्टँडवर गेली. मी धापा टाकत बाकड्यावर बसले. अक्का म्हणाल्या, "टाच उचालली. बाकी समदं बरुबर व्हतं."

मला एकदम चीड आली. स्वतःची, टाचेची, सगळ्याची. "अक्का, महिनाभर तीच चूक करतेय मी. एखाद्या दिवशी ओरडा की माझ्यावर!"

"वरडून टाच खाली येत आस्ती तर वरडले आस्ते."

त्या पाणी प्यायल्या. बाटलीचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शाळंत गुर्जी वरडायचे. म्हनायचे, तुज्या डोस्क्यात लेंड्या भरल्यात. पोरं हासायची. तीस वर्सं झाली, म्याडम. आजून आकड्याम्होरं त्यो उणेचा डॅश बगितला की पयला गुर्जींचा आवाज येतो, गनित मागनं येतं. त्या दिशी तुमचा आवाज आला ना, तर मी म्हनलं, ह्यो बी त्योच."

खाली गिरणी चालू होती. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला ती कुठून सुरू करायची हेही माहीत नसतं. शेवटी मी विचारलं, "मंगळवारी येऊ का?"

"या," अक्का म्हणाल्या. "पर आता उटा. आजून येक हाय का बगा."

मंगळवारच्या आधी मी घरी बसून एक काम केलं. अक्कांना काय येत नाही याची यादी माझ्याकडे तयार होती. काय येतं, याची कधी केलीच नव्हती. करायला बसले तर मीच थक्क झाले. दांडी वीस किलोची, दोन्हीकडे साडेसातच्या चकत्या, मग एकीची अडीच कमी करून दुसऱ्या बाईला पाचनं वाढवायच्या, हे ती बाई बोलता बोलता करत होती. आठ बायकांचे आठ हिशेब, सहा वर्षं, कुठेही न लिहिता.

मग मी खडू बाजूला ठेवला आणि दांडी घेतली. बरोबरच्या चिन्हाची एक बाजू इकडची, दुसरी तिकडची. "अक्का, या बाजूची पाचाची चकती काढली तर?"

"तर त्या अंगाची बी काढायला लागंल. न्हाईतर दांडी पलटी व्हऊन कुनाच्या तरी पायावर पडंल."

"बस. यालाच समीकरण सोडवणं म्हणतात."

अक्कांनी संशयानं माझ्याकडे बघितलं. "येवडंच?"

"एवढंच."

"मंग त्या पुस्तकात येवडी पानं कशाला भरल्यात?"

उणे तीन आणि उणे पाचही सुटले एके दिवशी. चकती काढायचं ठरलं होतं आणि ते काढणंच रद्द केलं तर काय होतं? "तर ती ऱ्हातीच की," अक्का म्हणाल्या. मग हळूच खडू उचलून त्यांनी लिहिलं, दोन. माझ्या जिभेवर 'शाब्बास' आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "आज चिन्ह आधी बघितलंत." अक्का कानापर्यंत लाल झाल्या. एवढ्या दणकट बाईला लाजताना मी पहिल्यांदा बघितलं.

कॉलेजात याच सुमाराला पेपरांचा गठ्ठा आला. पहिलाच पेपर मागच्या बाकावरच्या एका मुलाचा. दरवर्षी असा एक मुलगा असतो, जो वर्गात असतो म्हणजे हजेरीत असतो. सवयीनं मी लाल पेन उघडलं, 'निराशाजनक'मधला 'नि' लिहिला आणि थांबले. गणित पुन्हा वाचलं. 'नि' खोडून लिहिलं, 'तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर. चौथ्या ओळीत चिन्ह सुटलं.' हे लिहायला जास्त वेळ लागतो, कारण तिसऱ्या ओळीपर्यंत वाचावं लागतं. पेपर वाटल्यावर दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. आत यावं की पळावं, असा.

"मॅडम, ती चौथी ओळ..."

दीड वर्षात त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न. माझ्या शेजारचे सर नंतर म्हणाले, "काय हो, मिरची पिकायला लागली वाटतं."

अक्कांचं परीक्षाकेंद्र पिरंगुटच्या एका शाळेत होतं. पहिल्या दिवशी त्या काठाची साडी नेसून, वेणी घालून गेल्या. फाटकावरच्या शिपायानं हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबायचं."

"पालक बी मीच आन् पोरगी बी मीच," अक्का म्हणाल्या आणि हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "नक्की पास व्हाल तुम्ही." त्यांनी असं बघितलं, की मी लगेच मान्य केलं, नक्की मला माहीत नाही. "आस्सं बोला," त्या म्हणाल्या.

आणि निकाल लागला तेव्हा अक्का नापास होत्या. बाकी सगळ्या विषयांत पास, इतिहासात तर चक्क एकसष्ट, गणितात बावीस. मी कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये फोनवर तो आकडा बघितला आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. बावीस वर्षांत माझ्या वर्गातली कितीतरी मुलं नापास झाली होती. त्यातल्या एकाही निकालानं मला भिंतीला टेकायला लावलं नव्हतं. ती नापास झाली, असंच मी म्हणत आले होते. आज पहिल्यांदा वाटलं, आम्ही नापास झालो.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी जिना चढले. काय बोलायचं ते रात्री पाठ केलं होतं. अक्का एका बाईचा खांदा सरळ करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बावीस."

"अक्का, मला खरंच..."

"मागच्या खेपंला सा व्हते." त्यांनी खांद्यावरचा हात काढला नाही. "आवंदा बावीस. उरलेले जुलैत बगू. बूट घाला."

पण मालकांचा मुलगा जुलैपर्यंत थांबला नाही. त्याचाही इलाज नव्हता, नवी मशिनं यायची होती, नवी पाटी लागायची होती. जूनमध्ये एक सर्टिफिकेटवाला तरुण मुलगा आला, गळ्यात शिट्टी, हातात टॅब. चांगला मुलगा. आम्हाला म्हणायचा, "सुपर्ब मॅम, सुपर्ब!" आम्ही सुपर्ब नव्हतो, हे आम्हाला माहीत होतं. पंधरा दिवसांत आठांपैकी पाच जणी यायच्या बंद झाल्या. काकू त्यांच्यातल्या पहिल्या.

अक्का मात्र गणिताला येत राहिल्या, आता माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. येताना रस्त्यानं चालतच यायच्या, चढ असून. त्यांना नोकरी उरली नव्हती आणि पास होऊन तरी काय मिळणार होतं, ते स्पष्ट नव्हतं. मी एकदा तसं विचारलं. पेन्सिलीला टोक करत म्हणाल्या, "आता नोकरीसाठी न्हाई. आता त्या गुर्जींचं आन् माजं हाय." मग टोकावर फुंकर मारून, "गुर्जी वारले म्हनं मागंच. पर आपलं काम ऱ्हायलंय त्ये ऱ्हायलंयच की."

जुलैच्या परीक्षेत अक्कांना गणितात एकेचाळीस मिळाले. माझ्या नवऱ्यानं सोसायटीभर पेढे वाटले, जसं काही त्यानंच शिकवलं होतं. अक्कांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "त्ये बाकीचे एकोनसाठ कशात ग्येले, त्ये कळंल का कुटं?" मी म्हटलं, उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. त्यांनी ती खरंच मागवली. आम्ही दोघींनी ती ओळीनं वाचली, टेबलावर पसरून. दुसऱ्या प्रश्नात त्यांचं चिन्ह सुटलं होतं. "टाच उचालली," अक्का म्हणाल्या.

पुढे त्यांनी तो कोर्सही केला. त्याच धरणाच्या पलीकडच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा आहे. डोंगरातल्या वस्त्यांवरच्या मुली तिथे राहून शिकतात. खेळ शिकवायला कुणी टिकत नव्हतं, कारण तिथे फोनला रेंज नीट लागत नाही आणि पावसात रस्ता वाहून जातो. अक्कांना दोन्ही गोष्टींचं काही वाटलं नाही. नवऱ्यानं आठवड्याला बसनं यायचं ठरवलं, मुलगी हॉस्टेलला गेली, आणि एका सोमवारी अक्का गेल्या. निरोपसमारंभ असा झाला नाही. काकूंनी त्यांना वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, अक्कांनी खांदे धरून सरळ उभं केलं, एवढंच.

मी आता सकाळी घरीच व्यायाम करते, गच्चीवर. कॉलेजात मला कुणी मिरची म्हणतं की नाही, माहीत नाही. नव्या मुलांनी काहीतरी नवं काढलं असेल.

मागच्या महिन्यात दुपारी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते, तर अक्कांचा फोन. रेंजसाठी त्या शाळेच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, मागे कुठेतरी मुलींचा गलका चालला होता.

"म्याडम, हितं लई गंमत झालीया. गनिताच्या बाई रजंवर हायेत, आन् त्येंचा सावीच्या वर्गाचा तास मला दिलाय. मला! गनिताचा!"

मी एवढ्यानं हसले, की शेजारच्या सरांनी चष्मा वर केला.

"हासू नका. येक ईच्यारायचं व्हतं. हितं येक पोरगी हाय, तिला अपूर्णांक जमंना झालेत."

"सोपं आहे," मी पेन खाली ठेवलं. "एक भाकरी घ्या. तिचे चार सारखे तुकडे..."

"भाकरी झाली. चकत्या बी झाल्या. गनित न्हाई ईच्यारत मी." त्यांचा आवाज खाली आला. "पोरगी रडतीया. दुसऱ्या पोरी हासल्या तिला. तिला काय म्हनू?"

शिकवण्यावर मी भाषणं दिली आहेत. एका मासिकात लेखही लिहिला होता. आणि तिकडे डोंगरात रडणाऱ्या, मी कधीही न बघितलेल्या मुलीला काय म्हणायचं, याचं एकही वाक्य मला सापडेना. अक्कांनी दोनदा "हॅलो" म्हटलं.

"काही म्हणू नका, अक्का," मी म्हणाले. "तिच्या शेजारी बसून राहा थोडा वेळ."



"बसलेच हाय मगाधरनं," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, मास्तरीन झाल्यावर कायतरी म्हनावं लागतं."